हसायची चोरी

आमच्या शेजारच्या सोफेवाल्याला सगळे खिळेमास्तर म्हणतात. सोफ्याला कापड ठोकताना तो बारीक खिळे ओठांत धरतो, एकेक काढतो आणि हातोडी मारतो. पण घरचं कुणी दुकानाकडे येताना दिसलं, तर काम नसतानाही चारपाच खिळे तोंडात टाकतो. तोंडात खिळे असलेल्या माणसाला "जरा हसा की" असं कुणी म्हणत नाही.

माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान त्याला लागून आहे. मधे नुसत्या फळ्या. त्यामुळे त्याचे उसासे मला फुकटात ऐकायला मिळतात आणि त्याच्या मेहुण्याचं तत्त्वज्ञानही.

गेल्या वर्षी मास्तरचं मन जरा मलूल झालं. अंथरूण धरलं, रडला, असं काही नाही. कामाला येई, चार घास खाई, पण कशात राम वाटत नव्हता. शेवटी बायको त्याला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई म्हणाल्या, सौम्य नैराश्य आहे, दर गुरुवारी येऊन बोलत जा. झालं. 'सौम्य' म्हणजे नसल्यात जमा, असा निकाल मेहुण्याने दिला. हा बायकोचा थोरला भाऊ. निवृत्त, त्यामुळे दुसऱ्याच्या मनाची मशागत करायला भरपूर वेळ. मनावर ताबा ठेवा, पहाटे उठा, साखर सोडा, आरशात बघून हसा. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिलेत मी, पण हा उंटावरून खाली उतरतच नाही.

गुरुवारचा मास्तरला खरा आधार होता. तिथे त्याला आनंदी व्हायला कुणी सांगत नसे. उलट बाई म्हणाल्या होत्या, हसू येईल, मधूनच येईल, फार टिकणारही नाही. आलं की येऊ द्या, पण आजार पळाला असं समजू नका. हे मास्तरने मला सांगितलं. घरी सांगायचं धाडस झालं नाही.

मग एकदा जेवताना मुलीने शाळेतल्या बाईंची नक्कल केली आणि मास्तर खळखळून हसला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मेहुण्याने तिथल्या तिथे मास्तर बरा झाल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून गुरुवार बंद केले. बायकोनेही मान डोलावली, कारण ते खरं असावं असं तिला फार वाटत होतं. त्यानंतर मास्तर असा खचला की एकच गादी उसवून परत शिवत बसला. गुरुवार पुन्हा सुरू झाले, पण मास्तर धडा शिकला. घरात त्याला हसायची चोरी झाली. जरा बरं वाटलं की हा सुतकी चेहरा करतो. उदास माणसाला उदास दिसायला एवढी मेहनत पडते, हे मला नवीन होतं. त्याचा रागही येतो मला. पण त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.

परवा मेहुण्याचा सोफा दुरुस्तीला आला. मास्तरने बैठकीखालचं कापड फाडलं आणि आतून चॉकलेटचे चंदेरी कागद पडायला लागले. बारीक घड्या घालून, नीट दडवलेले. साखर सोडलेल्या महापुरुषाचा सोफा! मी आवाज ऐकून गेले, तर मास्तर जमिनीवर बसून हसून हसून डोळे पुसतोय. मीही पोट धरून खाली बसले.

तेवढ्यात दारात बायको, हातात डबा. मास्तरने घाईघाईने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं आणि खोकून दाखवलं. अगदी वाईट खोकला. शाळा बुडवणारं पोरही याहून बरं खोकतं.

तिने हसू पाहिलं होतं, आणि ते गिळलेलंही. डबा खाली ठेवायचं तिला सुचेना.

"माझ्यापासूनही लपवता?" ती म्हणाली.

मास्तर खाली बघत म्हणाला, "हसलो की गुरुवार जातो."

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण पाय निघेना. ती त्याच्या शेजारी, त्या कागदांच्या ढिगातच बसली.

"गुरुवार कुठे जात नाही. दादाला मी बघते. तुम्ही हसा."

आता, सांगून कुठे हसू येतं? आलं नाहीच. दोघं डबा खायला लागली आणि मी माझ्या दुकानात परतले. थोड्या वेळाने फळ्यांपलीकडून तिने भावाच्या आवाजात साखरेवरचं प्रवचन सुरू केलेलं ऐकू आलं, आणि मागोमाग मास्तरचं हसणं. घास तोंडात असावा, मधेच त्याला ठसका लागला. तरी त्याने ते आवरलं नाही.