चर्चच्या कुकबुकातली शालनची भेंडी

शालनचा मला आयुष्यभर हेवा वाटला. आज सकाळी ती गेली.

तिच्या मुलीचा, नेहाचा, अलाबामाहून फोन आला. रडून झाल्यावर माझ्या मनात काय आलं सांगू?

हिच्या फ्युनरलला अख्खं गाव येणार. माझ्याला कोण येईल?

अशी आहे मी. सत्तरी उलटली तरी.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. अलाबामातलं छोटंसं गाव. दोन ट्रॅफिक लाइट, एक हॉस्पिटल, एक पेपर मिल. आमचे हे हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. गावात मराठी घर एकच, आमचं. मग शालनचा नवरा मिलमध्ये इंजिनिअर म्हणून आला आणि दोन झाली.

मी पुण्याची. एम.ए. इंग्लिश. दोन वर्षांत मला कुणी एकदाही घरी चहाला बोलावलं नव्हतं.

शालन अकोल्याची. मराठी मीडियम. तिचं इंग्लिश असं: "मिस डॉट, यू कम माय हाऊस. आय गिव्ह टी. नो से नो."

आणि मिस डॉट यायची!

मिस डॉट म्हणजे ग्रोसरी स्टोअरच्या काउंटरवरची साठीची बाई. गावात तिचा शब्द चालायचा. मला ती दोन वर्षं फक्त "हॅव अ नाइस डे, हनी" म्हणत आली होती.

तिकडे ग्रिट्स खातात. मक्याची पांढरी, मऊ लापशी. मला ते आजारी माणसाचं जेवण वाटायचं. शालननं त्यात मोहरी-मिरचीची फोडणी घातली. "काय बाप्पा, हा तर आपला सांजाच आहे!"

मिस डॉटनं तिला पीच कॉबलर, म्हणजे पीचची भाजलेली गोड डिश, शिकवलं, तिनं मिस डॉटला ठेचा. मिस डॉट घामाघूम. नाक लाल. "लॉर्ड हॅव मर्सी, शॅलन. गिव्ह मी सम मोर."

मी शेजारी बसून हसत होते. आतून नुसती जळत होते.

उन्हाळ्यात चर्चचं पॉटलक होतं, प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा. शालनला आमंत्रण चर्चचं. मला आमंत्रण शालनचं.

मी दोन दिवस खपून श्रीखंड केलं. खरं केशर घालून. एका काकांना ते डिप वाटलं. त्यांनी त्यात बटाट्याचा चिप बुडवला, तोंडात टाकला, आणि फार सभ्यपणे नॅपकिन शोधायला लागले.

शालननं तळलेली भेंडी आणली होती. बेसन अटलांटाहून आणावं लागायचं म्हणून अर्धं बेसन, अर्धं कॉर्नमील, म्हणजे मक्याचं जाडसर पीठ. ओवा, तिखट. दहा मिनिटांत ट्रे रिकामा.

आमचे हे तिसऱ्यांदा घ्यायला गेले. माझी सहा वर्षांची मीनल सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, व्हाय कान्ट यू कुक लाइक मावशी?"

त्यानंतर चर्चच्या बायकांनी कुकबुक काढायचं ठरवलं. शालनची भेंडी हवीच होती. पण तिला इंग्लिश लिहायला जमेना.

"सुमन, तू लिही ना गं. तुझं अक्षर किती छान आहे."

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. मग ती घरी गेली. फॉर्मवर शेवटची ओळ राहिली होती. रेसिपी कोणाची?

पेन बराच वेळ हातात होतं.

मी माझं नाव लिहिलं.

पुस्तक छापून आलं. स्पायरल बाइंडिंग, कव्हरवर मॅग्नोलियाचं फूल. चर्चच्या हॉलमध्ये मिस डॉटनं पान उघडलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "शॅलन, हनी, आय थॉट धिस वॉज युवर्स?"

मी जमिनीकडे बघत होते.

शालननं माझ्याकडे पाहिलं. मग हसली. "सेम सेम, मिस डॉट. आय टॉक, शी राइट."

बाहेर पार्किंग लॉटमध्ये ती गाडीत बसली, मी शेजारी. पण तिनं किल्ली फिरवली नाही.

"हवी होती तर मागायची गं. मी दिली असती."

"चुकून झालं," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. बस, तेवढंच.

मग लोक मला विचारायला लागले. हॉस्पिटलच्या नर्सेसना लंचला माझ्या हातची भेंडी हवी. मी केली. पार गिचका झाला.

शेवटी निर्लज्जपणे शालनलाच फोन केला.

"मीठ आधी घातलंस ना? भेंडीला पाणी सुटतं. ये इकडे."

गेले. आणि मग दर गुरुवारी जात राहिले. तिच्या किचनमध्ये आम्ही दोघी इतक्या हसायचो की तेल जास्त तापायचं. तिच्यासारखी मैत्रीण मला नंतर मिळाली नाही.

पण हेवा गेला का? छे.

आम्ही न्यू जर्सीला, पिस्कॅटवेला शिफ्ट झालो त्या दिवशी मीनल तिच्या गळ्यात पडून रडत होती. "आय डोन्ट वॉन्ट टू लीव्ह मावशी." मी गाडीत बसून मनात म्हणत होते, पुरे आता, सोड माझ्या मुलीला.

आज फोनवर नेहा म्हणाली, "मावशी, विल यू राइट द ऑबिच्युअरी? आई म्हणायची, लिहायचं काम सुमनचं."

कुकबुकाचं तिला काहीच माहीत नाही. शालननं घरी कधी कुणाला सांगितलंच नाही.

म्हणून नेहासाठी तो मृत्युलेख लिहिण्याआधी हे इथे लिहितेय. ती भेंडी शालनची होती. मी तिचं नाव गाळून माझं घातलं. चुकून नाही, मुद्दाम. आणि चाळीस वर्षांत एकदाही सॉरी म्हणाले नाही.

तिनं ते सहज सोडून दिलं. मला अजूनही कळत नाही, कसं जमलं तिला. ह्याचाही हेवाच वाटतो.

उद्या सकाळची फ्लाइट आहे. मीनलही येतेय.

सॉरी, शालन. भरल्या डोळ्यांनी निरोप देते. सुखानं जा, बाई.