भाऊसाहेबांचं कोरल

पाहुणा सोफ्यावर टेकायच्या आत भाऊसाहेब त्याला काचेच्या टाकीपाशी ओढत नेत. "हे झाड नाही बरं, जिवंत प्राणी आहे!" असं म्हणत ते ताटाएवढं चामडी कोरल, म्हणजे समुद्रातलं मऊ प्रवाळ, दाखवत. त्यांचं औषधांचं दुकान होतं आणि जिभेला हाड नव्हतं.

राबायची मात्र बायको. दवाखान्यात दिवसभर लोकांचं रक्त तपासून यायची आणि मग टाकीचं पाणी तपासायला बसायची. मीठ आदल्या दिवशीच बादलीत विरघळवून ठेवायची. बारा वर्षांपूर्वी पोटातलं दुसरं बाळ गेलं, त्याच महिन्यात तिने कोरलचा अंगठ्याएवढा तुकडा रबरबँडने दगडाला बांधला होता. तोच हा.

वर्षातून दोन-तीनदा ते आपली इवली बोटं आत ओढून घेई, अंगावर मेणचट साय धरी आणि आठवडाभर रुसून बसे. साय सुटली की पुन्हा टवटवीत उघडे. अशा वेळी ती पंपाचं तोंड त्याच्याकडे वळवायची आणि त्याला हात लावायची नाही. भाऊसाहेबांना यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. पाहुणा नसला की ते टाकीकडे ढुंकूनही बघत नसत.

रविवारी दुपारी एक डॉक्टर टाकी बघायला येणार होते. त्यांच्या घरी अशा चार टाक्या. आणि कोरल नेमकं मंगळवारी मिटलं. भाऊसाहेबांनी ते पाहिलं रविवारी सकाळी, दीर-जाऊ समोर बसलेले असताना.

"मारलंस ना?" ते ओरडले. "तुझ्या हाताला यशच नाही. पोटातली दोन टिकली नाहीत, हे तरी कसं टिकणार!"

जाऊ खाली मान घालून हसली.

'दोन दिवस थांबा' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. ते तिने गिळले. "मेलंय," ती म्हणाली. "टाकून द्या." पिशवीही तिनेच उघडून धरली. भाऊसाहेबांनी कोरल दगडासकट उपसून आत टाकलं. तिने पिशवीवरून हात फिरवला तेव्हा ते घट्ट लागलं, जिवंत लागलं. जिन्याखालच्या डब्यात ती ते ठेवून आली आणि कचऱ्याची गाडी जाईपर्यंत तिथेच रडत उभी राहिली. परत आणायला फार तर दहा पावलं लागली असती.

दुपारी डॉक्टर टाकीवर वाकले.

"हिच्या हातून मेलं हो," भाऊसाहेब म्हणाले.

"सडका वास सुटला होता?"

"छे, अजिबात नाही."

"मग मेलं कुठलं? ते मेलं असतं तर तुम्हाला या खोलीत उभं राहवलं नसतं. अहो, कात टाकत होतं ते! जिवंत फेकलंत तुम्ही."

दीर फिसकन हसला. भाऊसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते बायकोकडे वळले.

"तुला माहीत होतं?"

"होतं," ती म्हणाली. "म्हटलं, हे तरी तुमच्या हातून जाऊ दे."