पालथा मोबाईल

डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत श्रावणात कानबाई देवी बसते, तिची आरास दरवर्षी समोरची मावशी करते. यंदा तिनं मोबाईलमधल्या एआयलाही कामाला लावलं, पण स्वतःच्या रीतीनं. त्याला देवीची, चौरंगाची सगळी हकिकत सांगितली, "तू तुना इचार कर, मी मना करस," म्हणाली आणि मोबाईल पालथा ठेवून नैवेद्याच्या रोटांची कणीक तिंबायला बसली. स्वतःचं ठरल्याशिवाय त्याचं उत्तर बघायचं नाही. मी मोबाईल उचलायला गेले तर हातावर फटका बसला. "आधी पाहिलं की आपलं डोकं चालत नाही गं!"

तिचं ठरल्यावर मोबाईल सुलटा केला, तर त्यानं झेंडूची कमान सुचवली होती. मावशीच्या मनात ती कामाला जाते त्या कापड कारखान्यातल्या, सूत गुंडाळायच्या रिकाम्या बॉबिनी होत्या. मग तिनं बॉबिनींचीच कमान उभारली, प्रत्येकीवर वेगळ्या रंगाचं सूत गुंडाळून. शेजारच्या लिंबायतहून बायका बघायला आल्या. त्यातली एक नाक मुरडून म्हणाली, "मोबाईलला विचारून केलं ना?"

मावशी जराही ओशाळली नाही. "हो. कमान तेनी सुचाडी, बॉबिनी मन्या."

"आणि मावशी आमची!" आम्ही सगळ्याजणी एकदम ओरडलो.