नांदेडच्या मैदानावर मी गप्प बसले

टीम बसनं जाईल, मुलींच्या वसतिगृहात राहील, घरच्यांनी यायची गरज नाही, असं बिरादार मॅडमनी मला तीनदा सांगितलं. मी तीनदा मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात रजेचा अर्ज टाकला.

सुमन माझी धाकटी बहीण. वय एकतीस, बौद्धिक दिव्यांग. दहाच्या पुढे मोजताना गडबडते, पण शंभर मीटर पळायला लागली की बघत राहावं. आई गेल्यापासून ती माझ्याकडे लातूरला असते. बिरादार मॅडम तिच्या प्रशिक्षक. बौद्धिक दिव्यांग खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा यंदा नांदेडला, म्हणजे अगदी शेजारी. मग घरी बसवतं होय?

लातूरहून सकाळची एसटी धरा. अहमदपूर, लोहा करत साडेतीन-चार तासांत नांदेड येतं, बायकांना अर्धं तिकीट. लॉज मात्र आधी ठरवा. देशभरातून लोक आलेले, मला तिसऱ्या ठिकाणी खोली मिळाली. रिक्षावाल्याला काही सांगावंच लागलं नाही. "ग्राउंडच ना मॅडम? सुबह से सबकू वहीच छोड़ रहा मैं."

मैदानावर प्रवेश मोकळा होता. आसामपासून केरळपर्यंतचे रंगीत ट्रॅकसूट, ढोल, आयांचे डबे. तेवढ्यात सुमनची चाचणी शर्यत लागली. ती सुटली आणि माझ्या तोंडून निघालंच, "सुमेऽ!"

ती थांबली. प्रेक्षकांत मला शोधलं, दोन्ही हात हलवले आणि उरलेलं अंतर हसत हसत चालत गेली.

बिरादार मॅडम तडक माझ्याकडे आल्या. "आवाज तुम्ही दिला?"

"हो."

"चाचणीच्या वेळेवरून गट पडतात, ताई. ती सगळ्यात मंद गटात गेली. उद्या नेहमीसारखी पळाली तर चाचणीपेक्षा फारच वेगात आली, म्हणजे चाचणीत मुद्दाम मागे राहिली, असं धरून बाद करतील."

"मग हळू पळ म्हणून सांगूया?"

"वर्षभर तिला जोरात पळ म्हणून सांगितलंय मी. आता हळू पळ कुठल्या तोंडानं सांगू?"

सरावाच्या वेळा लिहिलेली वही घेऊन त्या पंचांकडे गेल्या, गट बदलायचा अर्ज दिला. निकाल सकाळी कळणार होता. संध्याकाळी मी गुरुद्वाऱ्यात लंगरला जाऊन बसले. दाल-रोटी साधी नि गरम, पण मी नुसते रोटीचे तुकडे करत बसले. वाढणारे सरदारजी म्हणाले, "बेटी, खा लो." एवढ्या साध्या शब्दांनी डोळे भरून आले. आयुष्यात एकदा तिला मोठं मैदान मिळालं आणि तिथंही मीच मध्ये आले होते.

सकाळी मॅडमचा फोन आला. "मानलं पंचांनी. वरच्या गटात घेतलंय. आणि ताई..."

"गप्प बसते," मी म्हणाले.

मी सगळ्यात मागच्या रांगेत बसले, ओढणीचा बोळा तोंडात धरून. सुमन सुटली. डावीकडं नाही, उजवीकडं नाही, सरळ पळाली. आठ जणींत चौथी आली. पहिल्या तिघींना पदक, पुढच्यांना रिबन; ती रिबन तिच्या छातीवर लागली तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईंनी मला विचारलं, "आप रो क्यों रही हैं?"

खाली गेले तर सुमन दम खात उभी होती.

"ताई, कुठं व्हतीस गं? मी लई पळाले!"

"इथंच होते. पाहिलं मी सगळं."

"हाक न्हाई मारलीस?"

"नाही मारली."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि आसामच्या एका मुलीचा हात धरून जेवायला निघून गेली. एकमेकींचं बोलणं त्यांना कळत नव्हतं, त्यांचं काही अडतही नव्हतं. मॅडमकडून कळलं की वसतिगृहात ती वेळेवर झोपली, स्वतःची वेणी स्वतः घातली आणि माझी एकदाही आठवण काढली नाही. हे ऐकून जरा लागलं. पण त्याहून कितीतरी जास्त हायसं वाटलं.

परतताना मॅडमनी सुमनला माझ्याबरोबर एसटीनं पाठवलं. लोह्याला चहा घेतला. सुमन म्हणाली, "पुढच्या बारीला तू घरीच ऱ्हा."

माझ्यानंतर हिचं कसं होणार, या विचारानं आई गेल्यापासून मला रोज पहाटे जाग येते. त्याचं उत्तर काही नांदेडला मिळालं नाही. पण परतल्यानंतरच्या रविवारी मी चक्क साडेसातपर्यंत झोपले. जाग आली तेव्हा सुमन पातेलं घेऊन दारात उभी होती आणि दूधवाल्याला दटावत होती, "हळू बोला की. ताई झोपलीया."