घंटेच्या वेळचा गोल

मे महिन्यातल्या फुटबॉल स्पर्धेची फायनल आमचं गाव दोन-एकने हरलं. समोरच्यांचा दुसरा गोल झाला तेव्हा बॉल आमच्या गोलकीपरच्या पायाशी होता, त्याचे हात रिकामे होते आणि चर्चची संध्याकाळची घंटा वाजत होती. बातमी एवढीच. मी काम करते त्या पेपरच्या डेस्कवर ती चार ओळींत बसली असती.

ग्राउंड चर्चच्या मागे, आमच्या घरासमोर आहे. पप्पांनी तिथे वर्षानुवर्षं गावातल्या मुलांना फुटबॉल शिकवला. त्यांचा एक नियम होता. घंटा वाजली की जिथे असाल तिथे उभं राहायचं. बॉल खाली, हात रिकामे. ज्याला प्रार्थना येते त्याने म्हणावी, येत नसेल त्याने गप्प राहावं. आताचा गोलकीपर प्रार्थना न येणाऱ्यांपैकी. त्याचं कुटुंब साताऱ्याकडून येऊन स्टेशनच्या बाजूला बिल्डिंगमध्ये राहतं, घरी गणपती बसतो. पहिलीत असल्यापासून तो पप्पांकडे येत होता. घंटेला सगळ्यांत आधी थांबणारा तोच.

पप्पांना हा कप हवा होता. खेळाडू म्हणून तो त्यांना मिळाला नाही, शिकवणारा म्हणूनही नाही. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर त्यांचं शिकवणं सुटलं आणि नवा कोच आला. यंदा टीम फायनलला पोचल्यावर त्यांनी कोचकडे एकच गोष्ट मागितली: कप चर्चच्या हॉलमध्ये जाण्याआधी एक रात्र आमच्या घरी ठेवायचा. फायनलच्या दिवशी सकाळी मम्मीने टीव्हीच्या कपाटावरची फुलदाणी आणि फोटो काढले आणि जागा पुसून ठेवली.

मॅच घंटेच्या आधी संपायची होती. प्रमुख पाहुणे उशिरा आले, मग शाल-श्रीफळ, मग भाषण. एरवी रेफरी गावातलाच असतो. घंटा झाली की तो शिट्टी मारून खेळ थांबवतो आणि तेवढा वेळ शेवटी भरून देतो. यंदा कोणाची तक्रार नको म्हणून बाहेरचा रेफरी आणला होता. त्याला घंटेचं सांगायचं काम स्पर्धेच्या समितीचं होतं. समिती पाहुण्यांच्या मागे होती.

समोर आचोळे गावाची टीम होती. एक-एक बरोबरी, शेवटची काही मिनिटं. डावीकडून आलेला त्यांचा क्रॉस आमच्या गोलकीपरने हवेत सहज पकडला. तेवढ्यात घंटेचा पहिला ठोका पडला. त्याने बॉल पायाशी ठेवला आणि मान खाली घालून उभा राहिला. आमचे बाकीचेही थांबले. शिट्टी झाली नव्हती. आचोळ्याच्या फॉरवर्डने रेफरीकडे पाहिलं, मग बॉलकडे पाहिलं, आणि तो पायाने हळूच जाळ्यात ढकलला. त्याने आनंदाने उडीही मारली नाही. नियमाने गोल बरोबर होता. आमचा गोलकीपर बॉल हातात धरून उभा राहिला असता तर काहीच झालं नसतं.

"अरे, अजून एकदा वाजवा ना घंटा!" आचोळ्याच्या बाजूने कोणीतरी ओरडलं. तिकडे हशा पिकला.

आमच्या मागे दोघं-तिघं बोलत होते.

"हातात धरून उभा राहा ना, येड्या! देव काय हात तपासतो काय?"

"त्याला काय बोलतोस? शिकवलं कोणी ते बघ."

"हळू बोल, म्हातारा पुढेच बसलाय."

म्हातारा म्हणजे पप्पा. ते प्लास्टिकच्या खुर्चीत होते, मी शेजारी उभी होते. गोल झाला तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. प्रार्थना पूर्ण करून त्यांनी डोळे उघडले.

"कोणाचा?"

"त्यांचा."

"ऑफसाइड असेल."

"नाही, पप्पा. आपल्या गोलीने बॉल खाली ठेवला होता. घंटेला."

त्यांनी मान हलवली. मला राग यायला हवा होता. समितीचा, पाहुण्यांचा, रेफरीचा, कोणाचाही. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं.

मॅच संपल्यावर गोलकीपर खुर्चीसमोर येऊन उभा राहिला. ग्लोव्ह्ज काढले नव्हते.

"अंकल, सॉरी. हात आपोआप खाली गेले."

"जा, रांगेत उभा राहा. बक्षीस घ्यायचंय," पप्पा म्हणाले. दुसऱ्या नंबरचं बक्षीस होतं.

घरी मम्मीने फक्त "वाढू का?" असं विचारलं. आम्ही जेवलो. टीव्ही लावला, त्यावर काय चाललं होतं ते आठवत नाही. कपाटावरची जागा रिकामीच राहिली. फुलदाणी परत कधी आली हे मी पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिस सुरू झाली. कोचने मुलांना सांगितलं होतं, थांबायचं ते रेफरीच्या शिट्टीला, दुसऱ्या कशाला नाही. सल्ला बरोबर होता. मी कोच असते तर हेच सांगितलं असतं.

माझी सुट्टी होती. पप्पा ओटीवर काठी धरून उभे होते. घंटा सुरू झाली. माझ्या लहानपणापासून या वेळेला ग्राउंडवरून काही ऐकू यायचं नाही. त्या दिवशी ठोक्यांच्या मधूनमधून बॉलवर पाय पडल्याचा आवाज येत राहिला. मी खिडकीतून पाहिलं. सगळे खेळत होते. गोलकीपरने एक बॉल अडवला, छातीशी धरला आणि आमच्या घराकडे पाहिलं. खाली ठेवला नाही. लांब फेकला.

पप्पांनी प्रार्थना संपवली, क्रूसाची खूण केली. आत येऊन खुर्चीत बसले.

"दार लाव," ते म्हणाले. "मच्छर येतात."

मी दार लावलं.