अस्तरबाई आणि अक्काची हनुवटी

आम्हाला शास्त्र शिकवणाऱ्या बाईंना कुठलीही वस्तू सरळ बघताच येत नसे. आधी ती उलटी करून आतून बघायची, मग बाहेरून. कुणी मुलगी नवा स्वेटर घालून आली की बाई तिच्या बाहीत दोन बोटं घालून ती उलटवायच्या. कापडाच्या दुकानात दुकानदार रंग दाखवत असायचा आणि या विचारायच्या, "ते ऱ्हाऊ द्या, आतून अस्तर कसलं हाय?" एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी कोट खुर्चीवर टाकला होता. बाईंनी तोही उलटून पाहिला. नेमके साहेब दारात उभे. "अस्तर झकास हाय, सर," बाई म्हणाल्या आणि कोट नीट घडी करून ठेवला. त्या दिवसापासून त्या अस्तरबाई झाल्या आणि खरं नाव मस्टरपुरतं उरलं.

उदगीरला आमची गल्ली मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या पाठीमागे होती. सगळी लिंगायत व्यापाऱ्यांची घरं; माझ्या वडिलांचं, अप्पांचंही मोंढ्यात आडतीचं दुकान होतं. बाई देगलूरकडच्या, बौद्ध घरातल्या. गल्लीत त्यांना खोली मिळायला फार वेळ लागला. का लागला ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. कोर्टकचेरीसाठी आता उस्मानाबाद गाठायला नको म्हणून मंडळी खुशीत होती, आणि त्याच सुमारास पावसानं दगा दिला, विहिरींनी तळ दाखवला. चौकात नव्या जिल्ह्याच्या गप्पा रंगल्या की बाई घागर काखेत घेऊन जाता जाता म्हणायच्या, "जिल्हा नवा आणला, आता पानी बी नवं आणा की."

नववीच्या पुस्तकात अभिस्तर ऊतींचा धडा होता. म्हणजे शरीराला आतून-बाहेरून झाकणारी अस्तरं. तो धडा बाईंनी वर्गात शिकवलाच नाही. आम्हाला मैदानात नेलं आणि दहा-बारा मुलींना अंगाला अंग लावून आडवं पाडलं. "ही सरल पट्टकी. चपट्या पेशी, एकच थर. फुप्फुसात असती, पातळ म्हणून हवा आरपार जाती." मग आम्हाला गुडघे पोटाशी घेऊन बसवलं, ती मूत्रपिंडाच्या नळ्यांमधली घनाभ. मग उभं केलं. ती आतड्यात अन्नरस शोषून घेणारी स्तंभीय. शेवटी उभ्या मुलींना हात वर करून एकाच दिशेनं हलवायला लावले आणि डोक्यावर एक रुमाल सोडला. रुमाल हातोहात शेवटच्या मुलीपर्यंत गेला. श्वासनळीतली धूळ असेच बारीक केस बाहेर ढकलतात, हे मला आज झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. दुसऱ्या दिवशी दोघीतिघींच्या आया भांडायला आल्या. परकर मातीत लोळवले, धुवायला पाणी कोण देणार? बाईंनी त्यांना सावलीत बसवून तोच धडा सांगितला. त्या भांडण विसरून घरी गेल्या.

त्यातलं एक वाक्य गल्लीतही पसरलं. अभिस्तराला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, खालच्या थरातून झिरपेल तेवढ्यावर त्याला भागवावं लागतं. बाई सांगायच्या, "आपल्या गल्लीसारखंच. टँकर गल्लीत शिरत न्हाई, पण जगून ऱ्हायलो." चौकातल्या टँकरच्या रांगेत आमच्या आया एकमेकींना हेच ऐकवायच्या.

माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं लग्न निलंग्याला ठरलं होतं. अक्काच्या हनुवटीवर एक चामखीळ होती. बघायला आलेल्यांना ती खटकली नव्हती. खटकली शेजारच्या काकूंना, आणि त्यांनी उपाय सांगितला, बिब्बा. आमच्याकडे बिब्बा कशाला चालत नाही? टाचेला भेग पडली, बिब्बा. पायात काटा मोडला, बिब्बा. परटाला कपड्यावर खूण करायची, तरी बिब्बाच. सुई तापवून बिब्ब्यात खुपसायची आणि टोकाला आलेलं काळं तेल चामखिळीवर टेकवायचं. अक्कानं टेकवलं. तेल ओघळलं. ते तिनं पदरानं पुसलं आणि थोड्या वेळानं त्याच पदरानं घामानं डबडबलेलं तोंडही पुसलं. झालं. बिब्बा उतला. हनुवटी, गाल, ओठ सगळं सुजलं, फोड आले, फुटले, आणि वरचं कातडं सोलून निघालं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि दुसरं काहीही लावू नका म्हणून दम भरला. डाग राहील का, असं अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, विचारलं तर म्हणाले, "आत्ताच सांगता येणार नाही." ते खरं तेच बोलले, पण त्या खऱ्याचा अव्वाला काही उपयोग नव्हता. ती चुलीपुढे नुसती बसून राहिली. अक्कानं आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. काकूंनी गल्लीभर सांगितलं की पोरीचा हात चुकला, बिब्ब्याचा काही दोष नाही.

मी शाळेत रडले म्हणून बाई संध्याकाळी घरी आल्या. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. अव्वानं त्यांचा हात धरला आणि थेट माजघरात, अक्काच्या खाटेशी नेलं. आपण काय केलं हे अव्वाच्याही ध्यानात नसावं. बाईंनी पिशवीतून शाळेचं भिंग काढलं, अक्काला उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ पाहिलं.

"ताई, वरचा थर गेलाय," त्या म्हणाल्या. "तळाचा हाय. नवं कातडं तळातूनच येतं, केसांच्या मुळातून येतं, अन् काठाकडून आत सरकतं. तुमी फक्त त्याच्या वाटेत येऊ नका. हळद न्हाई, राख न्हाई. खपली काढायची न्हाई. डॉक्टरनं दिलं तेवढंच लावा."

"अन् डाग?"

"तळ शाबूत हाय. डाग न्हाई ऱ्हाणार."

"नक्की?"

"हाव. नक्की."

त्या एका शब्दावर अव्वा उठली आणि तिनं भाकरीचं पीठ मळायला घेतलं. त्यानंतर बाई रोज यायच्या. येताना झाकणाच्या डब्यात उकळून गार केलेलं पाणी आणायच्या, जखम पुसायला. ते त्यांच्या वाट्याच्या पाण्यातलं असायचं. अव्वा नको म्हणायची, तर म्हणायच्या, "मी एकलीच तर हाय, मला किती लागतं?"

निलंग्याला बातमी पोचलीच. मुलाची आई येणार म्हणून निरोप आला. अप्पांचं म्हणणं पडलं, अक्का उमरीला मावशीकडे गेलीय असं सांगू. बाई त्यांना म्हणाल्या, "दादा, झाकू नका. आज झाकलं तर उद्या खोटे ठराल. हाय तसं दावा." अप्पांना कुणी असं तोंडावर सांगत नसे. ते बंडी चढवून मोंढ्याकडे निघून गेले, पण उमरीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मुलाच्या आई आल्या. भारदस्त बाई, गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. अक्काचं तोंड पाहून त्यांनी डोळे मिटले आणि मग भिंग घेऊन बसलेल्या आमच्या बाईंकडे पाहिलं.

"तुमी कोण?"

"शास्त्र शिकवते. गल्लीतच ऱ्हाते."

"हे असंच ऱ्हायलं तर?"

"न्हाई ऱ्हाणार. माझी सख्खी बहीण असती तरी हेच बोलले असते."

"म्हंजे तुमच्या शब्दावर थांबायचं आमी?"

"माझ्या न्हाई. कातड्याच्या."

त्यांना हसू आलं नाही. पण अव्वानं पुढे केलेला चहा त्यांनी घेतला, आणि आमच्यात मोडलेल्या सोयरिकीच्या घरी कुणी चहा घेत नाही.

पुढचे दिवस आम्ही सगळे फक्त काठ बघत होतो. आधी कडेनं एक गुलाबी रेघ आली. मग ओल्या भागात मधेमधे ठिपके उमटले आणि ते एकमेकांना जाऊन मिळाले. एके सकाळी बाईंनी अक्काला खिडकीत बसवलं, भिंगातून पाहिलं, भिंग बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "आलं. पुरतं आलं." अव्वा देवघराकडे धावेल असं मला वाटलं होतं. ती बाईंच्या गळ्यात पडली. अप्पा अंगणात गेले आणि नसलेल्या बागेत उगाच फिरत राहिले. अक्कानं स्वतः आरसा सरळ केला.

पाण्यापायी लग्न मोजक्या माणसांत झालं. वर्षाच्या आत चामखीळ होती त्याच जागी परत उगवली, आणि भावोजींनी आजवर त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती, म्हणून बाईंची पुढे लातूरला बदली झाली. निघताना अव्वानं त्यांना साडी दिली. बाईंनी ती तिथेच उलटून पाहिली. आम्ही सगळ्या हसलो, आणि लगेच रडलोसुद्धा.

मध्ये बरीच वर्षं गेली. लातूरला मुलाच्या शाळेसाठी बिऱ्हाड केलं तेव्हा मी बाईंचं घर शोधून काढलं. त्या निवृत्त झाल्या होत्या, गुडघे दुखत होते, बोलणं तेच होतं. मी विचारलं, "बाई, तेव्हा तुम्हाला एवढी खात्री कशी होती?"

"कशाची खात्री?" बाई म्हणाल्या. "पुस्तकातलं चित्र तेवढं ठाऊक होतं मला. बिब्बा उतलेलं माणूस तोवर कधी बघितलं नव्हतं. नक्की म्हणून बसले, अन् घरी जाऊन तेच पान पुन्हा पुन्हा वाचत बसले. रोज येताना पाय मागं ओढायचे. वाटायचं, आज भिंग लावलं अन् काठ सरकलेलाच नसला तर त्या पोरीला काय सांगू?"

"मग नक्की म्हणालात कशाला?"

"तुझ्या आईचं तोंड बघितलं होतंस का तू?"

घरी येऊन मी अक्काला फोन लावला. म्हटलं, ऐक, आपल्या बाईंना तेव्हा काहीच खात्री नव्हती. पलीकडे अक्का हसायला लागली.

"मला ठाऊक होतं गं. भिंग लावायच्या आधी पदरानं किती वेळा पुसत बसायच्या त्या. म्हणून तर मीच रोज म्हणायची, बाई, आज आग लई कमी हाय. कुठली कमी? जीव चालला होता माझा. पण तसं सांगितलं असतं तर त्या दुसऱ्या दिवशी आल्या असत्या का?"