लॅपटॉप तिनं उचलला

तिच्या नवऱ्यानं हेल्मेट उगारलं तेव्हा आमचा डेटाबेस अजून तयार होत होता.

राजवाड्यामागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. मालक गिऱ्हाइकं आणायचे, मी क्लाउडचं काम बघायचे आणि ती माझ्या हाताखाली शिकत होती. लग्नानंतर बरीच वर्षं घरात बसून ती पुन्हा कामाला लागली होती. आमच्यासारख्याच, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या जुन्या मराठी घरातली. आम्ही दोघी आपसात मराठी बोलायचो, चिडलो की तमिळ. ऐन उन्हाळ्यातही ती लांब बाह्यांचा कुडता घालायची. दंडावरचे वळ मी एकदा पाहिले होते. मग ती नवऱ्याला सोडून जवळच्या तिरुवैयारू गावात आईकडे आली आणि तिथून रोज टाऊन बसनं कामावर येऊ लागली. बाह्या आखूड झाल्या.

आमच्या गिऱ्हाइकाला क्लाउड कंपनीच सांभाळते असा डेटाबेस हवा होता. तो खऱ्या क्लाउडवर उभा करण्याआधी आम्ही एमुलेटरवर करून बघत होतो. एमुलेटर म्हणजे आपल्याच लॅपटॉपवर चालणारा नकली क्लाउड. तिथं बिल येत नाही, हवी तेवढी मोडतोड करा. डेटाबेस कोणत्या जातीचा, केवढा, कुणाच्या नावानं, हे कोडच्या फाईलमध्ये लिहायचं आणि कमांड द्यायची. तिची कमांड मात्र सकाळपासून आपटत होती. ओळख पटवणारी किल्ली चुकीची, असं उत्तर येत होतं.

"अक्का, एमुलेटरला खोटीच किल्ली चालते ना?"

"चालते. मग ती चुकीची आहे म्हणणारा कोण?"

तिनं पडद्यावरचं उत्तर पुन्हा वाचलं. "खरा क्लाउड. म्हणजे माझी मागणी बाहेर चाललीय."

मागणी लॅपटॉपवरच थांबावी म्हणून त्याचा पत्ता द्यावा लागतो. डेटाबेससाठी ती एक ओळ राहून गेली होती. तिनं ती घातली, कमांड दिली. 'अजून तयार होत आहे' असं पडद्यावर उमटायला लागलं. ती हसली.

जिन्यावर पावलं वाजली. मालक जेवून आले असतील असं मला वाटलं. दारात तिचा नवरा होता.

"चल घरी," तो म्हणाला.

"मी येत नाही."

तिची वेणी हाताला गुंडाळून त्यानं तिला खुर्चीसकट खाली ओढलं आणि डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. आवाज ओल्या नारळासारखा आला. मी त्याच्या हाताला लोंबकळले.

"तुम्ही मधे पडू नका," तो म्हणाला. इतक्या आदरानं बोलला आणि हेल्मेट माझ्या तोंडावर हाणलं. तोंडात रक्त आलं, जिभेवर दाताचा तुकडा आला. मी भिंतीला टेकून बसले. तो तिच्या बरगड्यांत लाथा घालत होता, घाई न करता, कपडे बडवावेत तसा.

ती टेबलाला धरून उठली. डोळ्यात रक्त उतरलं होतं, तिला नीट दिसतही नसावं. चालू लॅपटॉप तिनं दोन्ही हातांनी उचलला, वायर ताणून तुटली, आणि तिनं तो त्याच्या कानावर घातला. तो गुडघ्यावर आला. तिनं पुन्हा घातला. पडदा निखळला, बटणं फरशीवर उडाली. तो आडवा झाला तरी ती थांबेना.

मी रांगत जाऊन तिची कंबर धरली. "पुरे. मरेल तो."

"मरू दे."

तिला ओढताना मला वाटलं, हिला आवरू नये. हे मी पोलिसांना सांगितलं नाही. आरडाओरडा ऐकून शिंपी वर आला आणि त्यानं नवऱ्याला धरून ठेवलं, पण तो कुठं जाण्याच्या स्थितीत नव्हता.

तिला कपाळावर टाके पडले, दोन बरगड्या मोडल्या. मला दात बसवावा लागला. त्यानंही तिच्यावर उलट तक्रार केली. आठवड्यानं मालकांनी चाचरत विचारलं, "त्या डेटाबेसचं काय?"

तो त्या लॅपटॉपबरोबरच गेला होता. कोड सर्व्हरवर ठेवलेला होता. फक्त ती नवी ओळ तिथं पोचली नव्हती. ती कामावर आली तेव्हा चेहरा अर्धा निळा होता. मी माझी खुर्ची दिली. तिनं कोड उतरवून घेतला, ओळ पुन्हा लिहिली, कमांड दिली. या वेळी ती हसली नाही. डेटाबेस उभा राहिला. तिनं त्यात एक तक्ता करून पाहिला आणि मला म्हणाली, "चालतो. आता खऱ्यावर करू." मग न्हाणीघरात जाऊन ओकली.

कोर्टात तो लांबच्या बाकावर बसला होता. डाव्या कानानं ऐकू येत नाही, असं त्याच्या वकिलानं सांगितलं.

ती माझ्याकडे वाकून हळू म्हणाली, "आधीही कुठं ऐकत होता?"

सुनावणी पुढं ढकलली गेली. परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तिचं गाव आलं तरी मी तिला लगेच उठवलं नाही.